साठीपुढचे ॲडमिट रुग्ण: नोंदी कोणत्या घ्यायच्या आणि वर्षभराच्या जगण्या-मरण्याचा हिशेब कसा मांडायचा?

मलप्रभा_तीर

नमस्कार मंडळी. बेळगावात मेडिसिनच्या वॉर्डात ॲडमिट होणाऱ्या ६० आणि त्यापुढच्या वयाच्या रुग्णांचा अभ्यास आखायचा चालला आहे. रुग्ण खानापूर, हुक्केरी, बैलहोंगल भागातले, शिवाय हद्दीपलीकडून चंदगड आणि गडहिंग्लजचे. साधारण ३५० रुग्ण घ्यायचे आणि प्रत्येकाचा एक वर्ष पाठपुरावा करायचा, असा बेत आहे.

फॉर्ममध्ये सध्या वय, लिंग, मुख्य निदान, मधुमेह-रक्तदाब-हृदयविकार-किडनी, हिमोग्लोबिन, सोडियम, क्रिएटिनिन, अल्ब्युमिन, किती दिवस ॲडमिट आणि शेवट काय झाला, एवढे रकाने आहेत. फॉर्म पुरेसा भरलेला दिसतो, पण ७५ वर्षांचे दोन न्यूमोनियाचे रुग्ण कागदावर अगदी सारखे उतरतात. एक आठवड्यात चालत घरी जातो, दुसरा महिन्याभरात जातो. हा फरक कोणत्या रकान्यात पकडायचा?

दुसरं म्हणजे 'डामा' (डॉक्टरांच्या सल्ल्याविरुद्ध डिस्चार्ज) घेऊन घरी गेलेल्यांचं काय करायचं? त्यांना जिवंत डिस्चार्ज धरायचं, की अभ्यासातून वगळायचं? आणि पाठपुरावा दोन राज्यांत पसरलेला असताना मृत्यूची तारीख खात्रीने मिळवायची कशी? सर्व्हायव्हलच्या गणितात नवखे लोक हमखास कुठे चुकतात तेही कुणी सांगितलं तर फार उपयोग होईल.

वॉर्डफेरी

तुमच्या फॉर्मात सगळं आहे, फक्त माणूस नाही. आजारी पडायच्या पंधरा दिवस आधी तो काय काय स्वतः करत होता, हा रकाना निदानाच्याही वर घाला. तुम्हाला हवा असलेला फरक तिथेच सापडेल.

यासाठी क्लिनिकल फ्रेल्टी स्केल, म्हणजे वयासोबत येणारा अशक्तपणा (फ्रेल्टी) मोजायची पट्टी, वापरा. कॅनडातल्या रॉकवूड यांच्या गटाने २००५ मध्ये ते मांडलं तेव्हा सात पायऱ्यांचं होतं, आता नऊ पायऱ्यांचं आहे. पाचव्या पायरीवरच्या माणसाला पैशांचे व्यवहार, एकट्याने प्रवास, औषधांच्या वेळा, जड घरकाम यात मदत लागते. सहावीत बाहेरच्या सगळ्या कामांना आणि घर सांभाळायला मदत लागते, जिना चढताना त्रास होतो, बऱ्याचदा आंघोळीलाही कुणीतरी लागतं. सातवीत स्वतःचं सगळं दुसऱ्यावर. सगळ्यात मोठी चूक इथे होते: रेसिडेंट समोर पलंगावर पडलेल्या माणसाला बघून आकडा टाकतो. १०२ ताप आणि नाकात ऑक्सिजन असताना कुणीही सातवीतलाच दिसणार. स्केल मोजतं ते आजाराआधीची स्थिती. आणि हे स्केल ६५ वर्षांखाली पडताळलेलं नाही. तुमची मर्यादा ६० आहे, तेव्हा ६० ते ६४ चा गट वेगळा दाखवा.

सोबत कॅट्झच्या यादीतली रोजची सहा कामं लिहा: आंघोळ, कपडे, संडास, उठून बसणं-खुर्चीत जाणं, मलमूत्रावर ताबा, जेवण. ही माहिती कुणाकडून घेता यावर सगळं अवलंबून आहे. सही करायला मुलगा येतो आणि तो सांगतो, "सगळं चांगलं होतं." आंघोळीचं पाणी कोण काढून देतं ते सुनेला माहीत असतं, म्हणून सुनेला किंवा घरी असणाऱ्या लेकीला विचारा. प्रश्नही नेमका हवा. फक्त पाठ चोळायला कुणी लागत असेल तर कॅट्झप्रमाणे तो माणूस आंघोळीत स्वतंत्रच. कपड्यांबाबत, कायम नऊवारी नेसणारी आजी गेल्या काही महिन्यांत गाऊनवर आली असेल तर का आली ते विचारा. हात वर जात नाही, तोल जातो की नुसती सोय म्हणून, यात फार अंतर आहे. उठण्याबद्दल विचारताना अंथरूण जमिनीवर की कॉटवर तेही नोंदवा. जमिनीवरून आधाराशिवाय उठणाऱ्या आणि कॉटच्या कडेवरून उठणाऱ्या माणसाच्या पायांतली ताकद सारखी नसते.

ही सहा कामं तीनदा लिहा: पंधरा दिवसांपूर्वी, दाखल होताना, घरी जाताना. सत्तरीपुढच्या रुग्णांपैकी ३० टक्क्यांहून अधिक जण आजाराआधी नसलेलं एखादं परावलंबित्व घेऊन रुग्णालयातून बाहेर पडतात. एकदाच लिहिलंत तर ते आजारामुळे आलं की वॉर्डात पडून राहिल्यामुळे, हे कधीच कळणार नाही.

पोषणासाठी एमएनए-एसएफ ही छोटी प्रश्नावली घ्या, एकूण १४ गुण. ७ किंवा कमी म्हणजे कुपोषण, ८ ते ११ म्हणजे धोका. वजन-उंची शक्य नसेल तर पोटरीचा घेर चालतो, सीमा ३१ सेंटीमीटर. गुडघा काटकोनात, पाय सैल, टेप सगळ्यात जाड जागी आणि कातडीला नुसती टेकलेली, आवळलेली नको. पायावर सूज असेल तर घेर खोटा मोठा येतो. आधी नडगीवर अंगठा दाबून खळगा पडतो का बघा आणि पडला तर तसं लिहा.

क्रिएटिनिन नुसतं लिहू नका. ८० वर्षांची, ४० किलोची आजी, क्रिएटिनिन १.०. लॅबच्या कागदावर 'नॉर्मल'. किडनी किती गाळते ते काढायच्या कॉकक्रॉफ्ट-गॉल्ट सूत्राने १४० वजा ८० गुणिले ४०, भागिले ७२, स्त्री म्हणून गुणिले ०.८५: येतात मिनिटाला २८ मिली. स्नायू झडले की क्रिएटिनिन कमीच तयार होतं, म्हणून आकडा गोंडस दिसतो. औषधाचे डोस चुकतात ते इथेच.

भ्रम, म्हणजे डिलिरियम, दाखल झाल्यावर २४ तासांत आणि नंतर रोज तपासा. आरडाओरडा करणारा सगळ्यांना दिसतो. "आजी शांत झोपून आहेत" अशी नोंद असलेली आजीच बऱ्याचदा भ्रमात असते आणि निसटते. ४एटी ही भ्रमाची छोटी चाचणी वापरलीत तर दोन अडचणी येतील. त्यात जन्मतारीख विचारतात, जी आपल्याकडच्या अनेक म्हाताऱ्यांना कधीच माहीत नव्हती. आणि महिने उलटे म्हणायला सांगतात. जानेवारी-फेब्रुवारी न म्हणणारी आजी फाल्गुन-माघ-पौष असं उलटं सहज म्हणेल. काय ग्राह्य धरणार ते पहिल्या रुग्णाआधी ठरवा, शेवटच्यापर्यंत तेच ठेवा आणि मूळ चाचणीत बदल केल्याचं स्पष्ट लिहा.

वयाबद्दलही एक. आधारवर १ जानेवारी ही जन्मतारीख ढिगाने सापडेल, आणि सांगितलेली वयं ६०, ६५, ७० वर साचतील. शंका आली तर घटनांशी जोडून विचारा. १९५६ ला बेळगाव मुंबई राज्यातून गेलं तेव्हा शाळेत होता का? १९६७ च्या डिसेंबरात कोयनेचा भूकंप झाला तेव्हा लग्न झालं होतं का, कडेवर मूल होतं का? पाच वर्षांची चूक दोनावर येते.

नोंदवही

पाठपुराव्याबद्दल लिहितो. अभ्यास वॉर्डात बिघडत नाहीत, डिस्चार्जनंतर बिघडतात.

संमतीपत्र कन्नड आणि मराठी दोन्हीत तयार ठेवा. त्यात ३०, ९०, १८० आणि ३६५ व्या दिवशी फोन करण्याची परवानगी स्वतंत्र वाक्यात मागा. भ्रमात असलेल्या रुग्णाच्या वतीने कायदेशीर प्रतिनिधीची सही घेता येते, पण रुग्ण शुद्धीत आला की त्याची स्वतःची संमती घ्यावी लागते. एथिक्स कमिटी हे विचारतेच.

फोन नंबर तीन घ्या: घरातला, बाहेरगावी असलेल्या लेकीचा, आणि शेजाऱ्याचा किंवा गावातल्या दुकानाचा. रुग्णासमोरच त्या नंबरांवर रिंग देऊन खात्री करा. केसपेपरवरचा नंबर पुष्कळदा ज्याने गाडी करून आणलं त्याचा असतो. ऊसतोडीच्या हंगामात दिवसा फोन उचलला जात नाही, संध्याकाळी सातनंतर लावा.

पहिलाच प्रश्न "पेशंट जिवंत आहेत का?" असा करू नका. "आजी आता कशा हायत? उठून बसाय येतंय काय?" किंवा समोरून कन्नड आलं तर "अज्जी हेंग अदार?" एवढं विचारून थांबा. समोरचा माणूस आपणहून सांगतो. वारल्या असतील तर आधी दोन शब्द सांत्वनाचे बोला, तारीख नंतर.

ती तारीख हा मोठा सापळा आहे. बरीच घरं तिथीने सांगतात: "श्रावण अमावास्येच्या दुसऱ्या दिवशी." पंचांगात बघून इंग्रजी तारीख तिथल्या तिथे काढा. वर्षश्राद्धावरून मागे मोजत असाल तर बारा महिने वजा करून चालत नाही. तिथीचं वर्ष सुमारे ३५४ दिवसांचं, मध्ये अधिक मास आला तर ३८४ च्या आसपास. म्हणजे अकरा दिवस अलीकडे किंवा एकोणीस दिवस पलीकडे घसराल. ३० दिवसांचा मृत्युदर काढताना एवढी घसरण खूप झाली.

दाखल्याची नोंद मृत्यू जिथे झाला तिथे होते, राहण्याच्या गावी नाही. चंदगडचा माणूस बेळगावच्या रुग्णालयात वारला तर नोंद कर्नाटकात. तोच घरी पोचून वारला तर नोंद महाराष्ट्रात. निपाणी-चिक्कोडीकडचा रुग्ण पुढे कोल्हापूरला, किंवा अथणी-कागवाडचा मिरजेला हलवला गेला आणि तिथे वारला, तर तुमच्या जिल्ह्याच्या नोंदीत तो सापडणारच नाही. सापडला नाही म्हणजे जिवंत आहे, असं धरून कितीतरी लोक फसतात. मृत्यू २१ दिवसांत नोंदवायचा असतो, पण घरच्या मृत्यूंना त्याहून उशीर लागतो. म्हणून दाखल्याची पडताळणी वर्ष संपल्यावर लगेच न करता दोन-तीन महिने थांबून करा.

आता डामा. यांना वगळू नका आणि 'जिवंत' म्हणून मोकळेही होऊ नका. पैसे संपले म्हणून, सोबतीला माणूस नाही म्हणून, किंवा शेवटचा श्वास घरात जावा म्हणून नेतात. तिसऱ्या कारणाचे रुग्ण बहुतेक दोन-चार दिवसांचेच सोबती असतात. समजा १०० रुग्ण, वॉर्डात १० मृत्यू, १२ डामा, आणि त्या १२ पैकी ९ जण आठवड्यात गेले. कागदावर मृत्युदर १० टक्के, प्रत्यक्षात १९. डामाचं कारण वेगळ्या रकान्यात घ्या आणि यांच्यासाठी सातव्या दिवशी एक जास्तीचा फोन ठेवा.

मलप्रभा_तीर

खूप आभार. सुनेला विचारायचं आणि तिथीचं गणित, दोन्ही फॉर्मच्या सूचनांत घालतो. एक शंका: अल्ब्युमिन निम्म्या रुग्णांचंच होतं. आणि परदेशी गुणांकनं सरळ लावून 'वर्षभरात मृत्यूची शक्यता इतके टक्के' असं नातेवाइकांना सांगता येईल का?

आकडेमोड

अल्ब्युमिन निम्म्यांचं होतं म्हणजे डॉक्टरांना जे जास्त आजारी वाटले त्यांचंच होतं. फक्त त्या निम्म्यांवर मॉडेल चालवलंत तर वेगळीच माणसं मोजाल. अभ्यास अजून सुरू व्हायचा आहे, तर पहिल्या दिवशीच्या रक्तात सगळ्यांचं अल्ब्युमिन लावून घ्या. तरी काही गाळलेलं राहिलं तर मल्टिपल इम्प्युटेशन, म्हणजे बाकीच्या माहितीवरून गाळलेल्या आकड्याचे अनेक अंदाज भरून हिशेब करणं. सरासरी भरून टाकू नका.

परदेशी गुणांकनांत तुमच्या कामाला सगळ्यात जवळचं म्हणजे घरी गेल्यावर वर्षभरातल्या मृत्यूचा अंदाज देणारा वॉल्टर निर्देशांक, २००१ मधलं, अमेरिकेतल्या ओहायोच्या रुग्णालयांत ७० वर्षांपुढच्यांवर बांधलेलं. पुरुष १ गुण. घरी जाताना पाच कामांपैकी १ ते ४ मध्ये परावलंबी असेल तर २, पाचही असतील तर ५. हार्ट फेल्युअर २. एका जागचा कर्करोग ३, पसरलेला ८. क्रिएटिनिन ३ च्या वर २. अल्ब्युमिन ३.० ते ३.४ असेल तर १, त्याखाली २. मूळ गटात वर्षभरातला मृत्युदर ०-१ गुणांना १३ टक्के, २-३ ना २०, ४ ते ६ ना ३७ आणि ६ च्या वर ६८ टक्के निघाला. वय त्यात नाहीच, आणि एकट्या परावलंबनाला पाचपर्यंत गुण आहेत. वॉर्डफेरींनी वर जे लिहिलं तेच इथे आकड्यांत दिसतं.

उदाहरण घ्या: ७८ वर्षांचे आजोबा, हार्ट फेल्युअर, आंघोळ आणि कपड्यांना मदत, अल्ब्युमिन ३.२, क्रिएटिनिन १.६. गुण १, २, २, १ आणि ०, एकूण ६. गट ३७ टक्क्यांचा. पण ते ३७ ओहायोचे, बेळगावचे नव्हेत. तुमच्या रुग्णांत आधी प्रत्येक गटात प्रत्यक्ष किती वारले ते ताडून बघा, तोवर नातेवाइकांना टक्के सांगू नका. लक्षात ठेवा, वॉल्टरमध्ये कामं पाच आहेत, मलमूत्रावरचा ताबा त्यात नाही. कॅट्झचे सहा जसेच्या तसे ओतलेत तर गुण चुकतील. शिवाय हे घरी जिवंत गेलेल्यांसाठी आहे.

त्यावरून पुढचा मुद्दा, शून्य दिवस कोणता? दाखल झाल्यापासून मोजणार असाल तर सगळे ३५० घ्या. डिस्चार्जपासून मोजणार असाल तर वॉर्डातले मृत्यू वेगळे सांगा. एकाच आलेखात दोन्ही मिसळले की तो कशाचाच राहत नाही. एक माणूस तीनदा ॲडमिट झाला तरी पहिलीच भरती धरायची, पुढच्या दोन 'पुन्हा दाखल' म्हणून.

कापलान-मायर (किती दिवसांनी किती टक्के जिवंत, हे दाखवणारा आलेख) काढताना खाली ०, ३०, ९०, १८०, ३६५ दिवसांना किती जण शिल्लक होते ते आकडे द्या. वर्षात निम्म्याहून कमी वारले तर मिडियन सर्व्हायव्हल (निम्मे रुग्ण जाईपर्यंतचा काळ) निघणारच नाही, सॉफ्टवेअर रिकामी जागा दाखवतं. तिथे काही बिघडलेलं नसतं. मग ९० आणि ३६५ व्या दिवशी किती टक्के जिवंत ते विश्वासांतरासह (कॉन्फिडन्स इंटरव्हल) लिहा. सेन्सॉरिंगचं, म्हणजे पत्ता होता तिथवरच मोजून पुढे सोडून देण्याचं, गृहीतक असं की जे निसटले त्यांचा धोका उरलेल्यांसारखाच. नोंदवहींनी सांगितलेल्या कारणांमुळे तुमच्याकडे ते टिकत नाही. म्हणून टोकं दाखवा: समजा ६० मृत्यू माहीत आहेत आणि ४० जणांचा पत्ता नाही. सगळे जिवंत धरले तर ३५० मध्ये ६०, म्हणजे १७ टक्के. सगळे गेले धरले तर १००, म्हणजे २९ टक्के. वाचणाऱ्याला ही दरी दिसली पाहिजे.

कॉक्समध्ये (अनेक घटकांचा मृत्यूच्या धोक्यावरचा परिणाम एकत्र मोजणारं मॉडेल) एका घटकामागे निदान १० मृत्यू ही जुनी ढोबळ मर्यादा पाळा. ७० मृत्यू झाले तर सात घटक, आणि रुग्ण ३५० असले तरी सातच. फ्रेल्टीचे तीन गट केलेत तर ते दोन घटक मोजले जातात. चार्ल्सनचा (सोबतच्या आजारांचा) वयासहितचा गुण घेतलात तर वय पुन्हा वेगळं घालू नका, दोनदा मोजलं जातं. आधी एकेक घटक चाळून पी-व्हॅल्यू ०.०५ खाली आलेलेच मॉडेलमध्ये टाकायचे ही पद्धत सोडा. घटक आधी ठरवून लिहून ठेवा: वय, लिंग, फ्रेल्टी, अल्ब्युमिन, भ्रम, हार्ट फेल्युअर, पसरलेला कर्करोग. झाले सात.

गटागटांतल्या हजार्डचं, म्हणजे त्या-त्या वेळच्या मृत्यूच्या धोक्याचं, प्रमाण वर्षभर सारखं राहतं का, हे शोएनफेल्ड रेसिड्युअल या चाचणीने तपासा. या वयात ते बहुतेक मोडतं. सेप्सिस, श्वासाचा वेग, रक्तदाब यांचा जोर पहिल्या महिन्यात असतो आणि मग ओसरतो. फ्रेल्टी मात्र वर्षभर ओढत राहते. दोन्हीला एकच सरासरी हजार्ड रेशो दिलात तर पहिल्याचा परिणाम पातळ होतो. ३० दिवसांवर काळ तोडून दोन मॉडेल करा.

'फिजिओथेरपी मिळालेले जास्त जगले' असा निष्कर्ष फार मोहात पाडतो. पाचव्या दिवशी फिजिओ सुरू झाली म्हणजे तो माणूस पाच दिवस जगला होताच. पहिल्या दोन दिवसांत गेलेले आपोआप 'फिजिओ नाही' गटात पडतात. लँडमार्क घ्या, पाचव्या दिवशी जिवंत आणि दाखल असलेल्यांनाच तिथून मोजा. आणि पुन्हा ॲडमिट होण्याचं प्रमाण साध्या कापलान-मायरने काढू नका. वारलेला माणूस पुन्हा ॲडमिट होत नाही, त्याला सेन्सॉर केलं की आकडा फुगतो. तिथे मृत्यूला स्पर्धक घटना धरणारी पद्धत लागते.

सिस्टर_रात्रपाळी

वॉर्डातल्या चार गोष्टी फॉर्मात नाहीत, त्या घाला. लघवीची नळी कधी घातली, कधी काढली, आणि कशासाठी. "पेशंट उठत नाही" हे कारण नव्हे, पण पुष्कळदा तेवढंच असतं. हात बांधले होते का, किती तास. पहिल्यांदा पलंगाखाली पाय कोणत्या दिवशी टेकले. चष्मा, कवळी, कानाचं मशीन रुग्णाजवळ होतं की "हरवेल" म्हणून घरी पाठवलं. कवळी नसेल तर भाकरी तशीच परत जाते आणि चार्टवर 'डाएट घेतला' अशी खूण पडते. ताटातलं किती उरलं ते पाव, अर्धं, पाऊण असं लिहा. सोबतचा माणूस खाऊन टाकतो, म्हणून ताट उचलताना न बघता जेवण चालू असताना बघा.

ही माहिती रात्रपाळी संपताना घेऊ नका, तेव्हा सगळे रकाने एका दमात भरले जातात. दुपारी औषधं वाटून झाली की वेळ असतो.

आकडेमोड

सिस्टरांच्या नोंदींना तारखेसोबत वेळही लिहा, नाहीतर नळी आधी की भ्रम आधी हे ठरवता येणार नाही.

आणि एक्सेलबद्दल राहिलं. तारखांचा रकाना दिवस-महिना-वर्ष असा आधी पक्का करा. कॉम्प्युटर अमेरिकन मांडणीत असेल तर ५ जुलै हा ७ मे होतो आणि १३ तारखेपासूनच्या तारखा मजकूर म्हणून तशाच राहतात, त्यामुळे अर्धाच रकाना बिघडतो आणि कळत नाही. मृत्यूची तारीख वजा दाखल तारीख करून चढत्या क्रमाने लावा. उणे आकडे वरती येतील, ते केसपेपर काढून दुरुस्त करा. स्टेटसच्या रकान्यात मृत्यूला १ आणि सेन्सॉरला ० द्या. उलटं पडलं तर सॉफ्टवेअर तक्रार करत नाही, फक्त फ्रेल्टी जास्त तो जास्त जगतो असा निकाल देतं.